दुखतं कुठे ते तिला सांगितलं

दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचा केसपेपर वाचायला सिस्टरला परवानगी लागत नाही. स्वतःच्या नवऱ्याचा मात्र वाचायचा नाही, असा त्या हॉस्पिटलात नियम होता. नात्यातला पेशंट नात्यातल्या सिस्टरने घ्यायचा नाही, त्याला औषध द्यायचं नाही, त्याच्या कागदांना हात लावायचा नाही. मायेपोटी हात थरथरतो म्हणे. मोठ्या सिस्टर हा नियम बावीस वर्षं नव्या पोरींना शिकवत आल्या होत्या. आणि त्याच मोठ्या सिस्टरनी त्या दिवशी सकाळी सव्वादहाला, इनचार्ज बाई मीटिंगला गेल्यात हे दोनदा बघून, बारा नंबरची फाईल उचलली आणि औषधांच्या खोलीत कपाटाकडे तोंड करून वाचायला घेतली. हात काही थरथरला नाही.

बारा नंबरला त्यांचा नवरा होता. मास्तर. शाळेत भूगोल शिकवायचे. दिवसभर चाळीस पोरांपुढे नद्या, डोंगर, वारे सगळं घडाघडा बोलून यायचे आणि घराचा उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं 'हं' आणि 'ठीक आहे'. आठ दिवसांपूर्वी शाळेच्या जिन्यात पोट धरून बसले ते उठेचनात, तेव्हा हेडमास्तरांनी गाडीत घालून आणलं. सोनोग्राफी झाली. पित्ताशय खड्यांनी गच्च भरलेलं. मोठ्या सिस्टरना हे कळलं ते कॅज्युअल्टीतल्या ब्रदरकडून. 'अहो, तुमचे मिस्टर आलेत खाली,' म्हणाला. स्वतःच्या नवऱ्याचं दुखणं परक्या माणसाकडून कळावं, तेव्हाच बाईंचं अर्धं रक्त आटलं होतं. उरलेलं अर्धं आता या फाईलने आटवलं.

भरतीच्या वेळी सिस्टरने पेशंटची सगळी माहिती घेऊन चार पानी असेसमेंट भरायची असते. झोप कशी, भूक कशी, शौचाला होतं का, दुखतं कुठे, भीती कशाची, घरी कोण बघतं. मोठ्या सिस्टरना हे काम नऊ मिनिटं पुरायचं. प्रश्न विचारता विचारता त्या बीपीही घ्यायच्या आणि थर्मामीटरही लावायच्या. पेशंटच्या तोंडात थर्मामीटर असताना त्याला 'झोप लागते ना?' विचारलं, की तो बिचारा मान हलवणार नाहीतर काय करणार? झालं, खूण करायची आणि पुढे.

मास्तरांची असेसमेंट मात्र गोगलगायीने घेतली होती. हे नाव मोठ्या सिस्टरनीच ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वी वॉर्डात आलेली पोरगी, अठ्ठावीस-एकोणतीसची, चालणं सावकाश, बोलणं सावकाश, आणि एका पेशंटच्या भरतीला तब्बल चाळीस मिनिटं. स्टूल ओढायची, बसायची, एक प्रश्न विचारायची आणि गप्प. पेशंट बोलेपर्यंत गप्प. 'अगं, भरती करत्येस की मुलगी बघायला गेलीयेस?' असं मोठ्या सिस्टर भर वॉर्डात म्हणायच्या, आणि सगळ्या हसायच्या. गोगलगायही हसायची. तेच तर. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

बरं, पोरगी दिसायला देखणी म्हणून जळावं, तर तसंही नाही. मोठमोठे दात, जाड भिंगाचा चष्मा, आणि युनिफॉर्म कधी नीट इस्त्रीचा नाही. नवऱ्याला नादी लावील अशी शंका घ्यावी तर लोक हसतील. पण सुट्टी झालेले पेशंट महिन्याने दाखवायला आले की वॉर्डाच्या दारात उभे राहून विचारायचे, 'त्या चष्मेवाल्या सिस्टर आहेत का हो?' बावीस वर्षांत मोठ्या सिस्टरबद्दल असं कुणी विचारलं नव्हतं. शीर हमखास सापडते, इंजेक्शन कळत नाही, ड्रेसिंग सफाईदार, सगळं होतं. विचारत मात्र कुणी नव्हतं. आणि आता घरचाच माणूस त्या पोरीच्या तावडीत.

कागदावर गोगलगायीचं बारीक, गोल अक्षर होतं. पेशंटचे शब्द जसेच्या तसे, अवतरणात.

'आठ महिन्यांपासून. जेवल्यावर, उजवीकडे बरगडीखाली. वर्गात दुखायला लागलं की फळ्याकडे तोंड करून नकाशा काढत बसतो, म्हणजे पोरांना कळत नाही.'

आठ महिने! मोठ्या सिस्टरनी बोटांवर मोजले. आठ महिन्यांत त्यांनी रोज त्या माणसाला वाढलं होतं.

'डबा खात नाही. तेलकट सोसत नाही. शाळेतल्या शिपायाला देतो.'

पहाटे पाचला उठून त्या डबा करायच्या. तो रिकामा, चाटूनपुसून यायचा. 'आमच्या ह्यांना माझ्या हातचं इतकं आवडतं ना,' असं त्यांनी याच वॉर्डात, याच पोरींना, किती वेळा सांगितलं असेल! तिकडे शिपाई गुटगुटीत झाला असणार.

'झोप: तीनला जाग येते. स्वयंपाकघरात बसतो. दिवा लावत नाही, मिसेसची झोपमोड होते.'

'भीती: भूल दिल्यावर काहीतरी बडबडेन याची.'

आणि शेवटच्या पानावर, छापील प्रश्नापुढे. दुखलंखुपलं तर घरात प्रथम कोणाला सांगता?

'कोणालाच नाही.'

मोठ्या सिस्टरनी फाईल मिटली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. नवऱ्याला दुखत होतं याचं वाईट वाटायच्या आधी त्यांना राग आला, आणि तो दुखण्याचा नव्हता. घरात कोणालाच सांगत नाही म्हणणारा माणूस त्या पोरीला मात्र चाळीस मिनिटं सांगत होता! वीस वर्षांच्या संसारात त्यांच्या वाट्याला 'ठीक आहे' आलं होतं आणि कालच्या त्या गोगलगायीच्या वाट्याला चार पानं. हे म्हणजे भर बाजारात कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं.

त्या तडक बारा नंबरपाशी गेल्या. दुपारी ऑपरेशन, म्हणून मास्तर उपाशी होते, चादर छातीपर्यंत ओढून छताकडे बघत.

'अहो, काही होत नाहीये ना?'

'नाही. ठीक आहे.'

'झोप लागली ना रात्री?'

'हं.'

'भीती नाही ना वाटत?'

'छे.'

बाईंना फाईल आणून त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. पण फाईल वाचली हे कसं सांगणार? उशी सारखी केली, जरा जोरातच केली, आणि त्या निघून आल्या.

गोगलगाय त्यांना कपड्यांच्या कपाटापाशी सापडली, चादरी मोजत होती.

'बारा नंबरची भरती तू घेतलीस ना? काय म्हणाले मास्तर?'

'बरंच बोलले, ताई.'

'काय बरंच?'

पोरीने चष्मा वर सरकवला. 'ताई, तुम्हाला सांगू नका म्हणालेत. टीमला लागेल ते कागदावर आहे. बाकीचं... तुम्हीच विचारा ना त्यांना.'

तुम्हीच विचारा ना! जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हेच. आणि वर 'बाकीचं'. म्हणजे चार पानांबाहेरही काहीतरी होतं! मोठ्या सिस्टर वळल्या आणि चालताना ट्रॉलीवरचा ट्रे उगाचच दणकन आपटला. आयाकाम करणाऱ्या मावशी दचकून म्हणाल्या, 'काय झालं हो सिस्टर?' 'काही नाही, ट्रे आहे, वाजणारच,' म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून जमेना, सगळं चिकटलेलं होतं, म्हणून पोट उघडावं लागलं. पण सर्जन हसत बाहेर आले, खडे डबीतून दाखवले, आणि मोठ्या सिस्टरनी देवाचे आभार मानले. तेवढा अर्धा दिवस त्या जळायच्या विसरल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना पहिल्यांदा उठवून चालवायचं होतं. मोठ्या सिस्टर समोरच्या रांगेत कुणाची तरी सलाइन बदलत होत्या. गोगलगाय मास्तरांच्या कमरेला हात लावून एकेक पाऊल टाकवत होती. खिडकीपाशी दोघं थांबले. मास्तर काहीतरी म्हणाले. पोरगी हसली. मग मास्तरही हसले, आणि टाके ताणले म्हणून पोटावर हात दाबून, तोंड वेडंवाकडं करून हसतच राहिले.

मास्तर हसले की उजव्या गालाला खळी पडते, हे मोठ्या सिस्टरना त्या क्षणी आठवलं. म्हणजे ती विसरायला झाली होती. सलाइनची बाटली हातात तशीच राहिली. खोटं कशाला बोला, त्या घडीला त्यांना वाटलं, या पोरीची बदली व्हावी, लांब कुठेतरी व्हावी, आणि आजच व्हावी.

दुपारी त्या इनचार्ज बाईंसमोर उभ्या राहिल्या.

'मॅडम, मी कुणाच्या वाईटावर नसते, तुम्हाला ठाऊक आहे. पण एका पेशंटपाशी चाळीस चाळीस मिनिटं? बाकीच्या खाटांवरच्या माणसांनी काय करायचं? काल नऊ नंबरची सलाइन संपून नळीत रक्त चढलं होतं.'

रक्त चढलं होतं हे खरं. तेव्हा गोगलगाय जेवायला गेली होती हेही खरं, पण ते त्या बोलल्या नाहीत.

इनचार्ज बाईंनी पेन खाली ठेवलं. 'ती पोरगी तुमच्या डोळ्यांत खुपतेय का हो?'

'माझ्या? छे! मी वॉर्डासाठी बोलतेय.'

'हं. बायकांच्या वॉर्डात तसंही माणूस हवंच आहे. उद्यापासून पाठवते तिला तिकडे.' मग हजेरीचा तक्ता बघून त्यांनी सुस्कारा सोडला. 'पण मग बारा नंबर कुणाला देऊ? दोघी रजेवर. नियम आहे खरा, पण माणसं कुठून आणू? दोन-तीन दिवसांत घरी जायचेत मास्तर. तुम्हीच घ्या. नवरा म्हणून नाही, पेशंट म्हणून घ्या.'

मोठ्या सिस्टर बाहेर आल्या त्या तरंगतच. जिंकल्या होत्या.

पुढच्या दिवशी दुपारची ड्युटी. गोगलगाय पेन, कात्री, पाण्याची बाटली उचलून जिन्याच्या पलीकडच्या वॉर्डात गेली. जाताना बारा नंबरपाशी थांबून 'येते हां मास्तर' म्हणाली, तेवढंही बाईंना जास्त वाटलं. ऑपरेशनच्या वेळी पोटात ठेवलेली नळी सकाळच्या राऊंडला सर्जननी काढली होती. सगळं छान चाललं होतं. मोठ्या सिस्टर नवऱ्याची फाईल आता राजरोस हातात घेऊन आल्या.

'दुखत नाही ना?'

'नाही.'

'दहापैकी किती? शून्य लिहू?'

'लिही.'

'पोटात वारा सरला? मळमळ नाही ना?'

'ठीक आहे सगळं.'

संध्याकाळी परत एकदा. परत शून्य. मास्तर जरा गप्प होते, पण ते कधी नव्हते? चहा अर्धा ठेवला होता. डावा हात उजव्या खांद्यावर होता आणि ते स्वतःच खांदा चेपत होते. 'अवघडला वाटतं उशीने,' मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि उशी बदलून दिली. मास्तर 'हं' म्हणाले. बाईंनी निळ्या शाईने ठसठशीत शून्य लिहिलं, खाली सही केली, आणि त्यांच्या मनात आलं, बघा म्हणावं, माझ्या हाताखाली दुखणंच थांबलं. नऊ मिनिटं लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी. आठ वाजता मास्तरांचं मनगट हातात घेतलं आणि बाईंच्या कपाळावर आठी पडली. नाडी एकशे बारा. पुन्हा मोजली. एकशे चौदा. ताप होता, फार नाही. बीपी कालच्यापेक्षा उतरलेलं. पोट फुगलेलं. त्यांनी तळहात ठेवून हलकेच दाबलं. पोट कडक झालं. मास्तरांनी खाटेची कड घट्ट धरली आणि बोटांची पेरं पांढरी पडली.

'दुखतंय?'

'नाही.'

'अहो, दुखतंय का?'

'नाही म्हणतोय ना. ठीक आहे. तू बाकीच्यांचं बघ.'

आता एक सांगायला हवं. मोठ्या सिस्टर जळक्या असतील, घाईच्या असतील, पण सिस्टर पक्क्या होत्या. बावीस वर्षांत खाटेवरची माणसं खोटं बोलताना आणि त्यांच्या नाड्या खरं बोलताना त्यांनी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. नवी सलाइन लावली, रक्त तपासायला पाठवलं, आणि थिएटरला फोन केला. सर्जन ऑपरेशनला उभे होते. आतल्या सिस्टरने निरोप पोचवला आणि उलटा प्रश्न आणला.

'सर विचारतायत, दुखतंय का? कुठे? केव्हापासून?'

मोठ्या सिस्टरनी बारा नंबरकडे मान वळवून बघितलं.

'नाही म्हणतात.'

'आणि काल?'

'काल... शून्य आहे.'

'मग सर म्हणतायत, रिपोर्ट येऊ द्या, ही केस संपवून तासाभरात येतो.'

तासाभरात! त्या पुन्हा बारा नंबरपाशी गेल्या. समजावलं, दरडावलं, हात जोडायचेच बाकी ठेवले. 'अहो, खरं सांगा हो. आत काहीतरी गळतंय असं वाटतंय मला. जीवावर बेतेल. कुठे दुखतंय? केव्हापासून? शप्पथ आहे माझी.' मास्तरांचे ओठ सुकले होते, कपाळावर घाम. बायकोचा घाबरलेला चेहरा बघून त्यांनी काय करावं? हसायचा प्रयत्न केला. 'उगाच घाबरतेस,' म्हणाले. 'काही नाही होत मला.'

मोठ्या सिस्टरनी हात टेकले.

काय करायला हवं ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्या 'नाही'लाच ठाऊक झालं होतं, पण मन तिकडे जायला तयार नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही बाईला बोलवा, हिला नको. मग त्यांनी मास्तरांच्या पेरांकडे बघितलं आणि निघाल्या. जिन्याच्या पलीकडे जायला पावणेदोन मिनिटं लागतात. त्या दिवशी त्या पळत गेल्या. मोठ्या सिस्टरना पळताना बघून मावशींनी बादली बाजूला घेतली.

गोगलगाय एका म्हाताऱ्या बाईचे केस विंचरून देत होती.

'चल,' मोठ्या सिस्टर म्हणाल्या. धाप लागली होती. 'मला नाही सांगत. तुला सांगतील.'

हे शब्द घशातून बाहेर काढताना त्यांना काय झालं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. पोरीने 'बघा, म्हणून सांगत होते' असं म्हणावं, अशी त्यांची फार इच्छा होती. म्हणजे निदान तिला मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या. तिने फणी म्हाताऱ्या बाईच्या हातात दिली आणि चालू लागली, आणि गोगलगाय म्हणवणारी ती पोरगी मोठ्या सिस्टरच्या पुढे गेली.

बारा नंबरचा पडदा ओढला गेला. आत गोगलगाय. बाहेर मोठ्या सिस्टर, हातात फाईल आणि पेन. स्टूल सरकल्याचा आवाज आला.

'मास्तर, तुमचं पोट म्हणतंय दुखतंय. तुम्ही म्हणताय नाही. मी कुणाचं लिहू?'

मग काहीच नाही. पोरगी गप्प, मास्तर गप्प. पलीकडे कुणीतरी खोकलं. मोठ्या सिस्टरच्या जिभेच्या टोकावर दहा प्रश्न येऊन उभे राहिले. हे असं गप्प बसणं इतकं लांब असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. पडदा फाडून आत जावं आणि विचारावं, अहो बोला की, असं झालं. त्यांनी दात आवळले.

'खांदा,' मास्तर म्हणाले. 'उजवा खांदा. आतून कळ येते. श्वास घेतला की जास्त.'

मोठ्या सिस्टरनी लिहिलं. पोटात आत काही सांडलं की कळ खांद्यात उठते, हे त्यांना पाठ होतं.

'केव्हापासून?'

'काल संध्याकाळपासून. चहाच्या आधी. मग पोट. आता सगळंच पोट. हलवत नाही.'

काल संध्याकाळपासून. त्याच पानावर वर त्यांचंच निळं शून्य होतं, त्यांच्याच सहीचं. हात आता मात्र थरथरला. खोडता येत नाही, कागदावर खाडाखोड करायची नसते. त्यांनी खाली लिहिलं, काल संध्याकाळपासून.

'मास्तर, ताईंनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?'

मग मास्तरांचा आवाज, दमलेला, थांबत थांबत.

'ती घरी येते ना, चपला काढता काढता म्हणते, "हुश्श, या घरात तरी कुणाचं काही दुखत नाही." रोज म्हणते. असं म्हणते ना, तेव्हा चेहरा उतरलेला असतो तो जरा सुटतो तिचा. आता सांगा, मी कुठल्या तोंडाने सांगू? पेशंट तिला शेकड्यांनी आहेत. जिथे येऊन तिने पाय पसरायचे, तिथेही एक पेशंट?'

मोठ्या सिस्टर पडद्याबाहेर उभ्या. आपण असं म्हणतो? म्हणत असू. रोज म्हणत असू. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, चपलांचा आवाज ऐकू आला. डोळ्यांतून टपकन एक थेंब कागदावर पडला, आणि तरीसुद्धा, आता हे तरी कसं लपवायचं, त्यांच्या मनात आलं ते हेच की हेसुद्धा त्याने हिलाच सांगितलं! बायकोवरची माया, तीही या चष्मेवालीपाशी! बाई रडत होत्या आणि जळत होत्या.

पण पाय थांबले नाहीत. त्या फोनपाशी पोचल्या. 'सरांना सांगा, उजव्या खांद्यात कळ, काल संध्याकाळपासून, आता सगळं पोट. पोट कडक आहे. पल्स एकशे अठरा.' मग सर्जनचा स्वतःचा आवाज, लांबून, मोठ्याने: 'पित्त गळतंय. असिस्टंटला खाली पाठवतो, सोनोग्राफी उरकून थेट वर आणा. पुढची केस थांबवतो.'

वीस मिनिटांत सगळं झालं. ट्रॉली आली. एका बाजूला मोठ्या सिस्टर, सलाइनची बाटली उंच धरून. दुसऱ्या बाजूला गोगलगाय, फाईल छातीशी. मावशी पुढून दारं उघडत गेल्या. लिफ्टपाशी थांबावं लागलं.

मोठ्या सिस्टर वाकल्या. मास्तरांचं तोंड राखाडी पडलं होतं. काय विचारायचं ते त्यांना सुचेना. जिभेवर सवयीने 'दुखत नाही ना' आलं होतं, ते त्यांनी गिळलं. काहीच विचारलं नाही. नुसत्या बघत राहिल्या. लिफ्ट चौथ्या मजल्यावर, तिसऱ्या मजल्यावर, आणि बाई गप्प. बावीस वर्षांत इतका वेळ त्या कुठल्या खाटेपाशी गप्प उभ्या राहिल्या नव्हत्या.

मास्तरांनी डोळे उघडले. आधी पलीकडे गोगलगायीकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. पोरीने हलकीशी मान हलवली. मग त्यांनी बायकोकडे तोंड वळवलं.

'अगं,' ते म्हणाले, 'फार दुखतंय गं.'

लिफ्टचं दार उघडलं. ऐकणाऱ्याला खरं वाटणार नाही, पण मरणाच्या दारात चाललेल्या नवऱ्याचे हे शब्द ऐकून त्या बाईला आनंद झाला. हुंदका आला तो आनंदाचा होता. एका हातात बाटली, दुसऱ्या हाताने त्यांनी मास्तरांची बोटं धरली, आणि ट्रॉली आत ढकलली.

मास्तर वाचले. दुसऱ्या ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी घरी गेले, आणि हल्ली डोकं दुखलं तरी सांगतात. पण लिफ्टपाशी त्यांनी आधी त्या पोरीकडे बघितलं होतं. ते मोठ्या सिस्टर अजून विसरलेल्या नाहीत.